आजोबांच्या रेकॉर्ड धुवाव्यात का? पाणी लावायची भीती वाटते आहे

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात वाईचं घर रिकामं केलं. माळ्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका निघाल्या. एकीत एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड), मोजल्या तर त्रेचाळीस भरल्या. दुसरीत त्या जुन्या जड, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या, साठेक असतील. हिराबाई, बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, काही कीर्तनं, काही नावंच न वाचता येणारी. आजोबांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून या रेकॉर्डना कुणाचा हात लागलेला नाही.

सगळं पुण्याला आणलं. एका मित्रानं त्याचं टर्नटेबल वापरायला दिलंय. काल पहिली एलपी लावली, माणिक वर्मांची. सुरुवातीला नुसती तडतड, फोडणीत मोहरी टाकावी तशी, आणि त्या तडतडीच्या मागे कुठेतरी आवाज. पाच मिनिटांनी सूर जाडाभरडा व्हायला लागला. सुई उचलून पाहिली तर टोकाला करड्या लोकरीसारखा गोळा. घाबरून बंद केलं.

आता जो तो वेगळं सांगतोय. शेजारचे काका म्हणतात ओल्या फडक्यानं पूस. मित्र म्हणतो पाणी अजिबात लावू नकोस, धूळ चिखल होऊन आत बसेल. बहिणीनं व्हिडिओ पाठवलाय, त्यात एक माणूस सरळ नळाखाली धरून धुतो. आई म्हणते रिठ्याच्या पाण्यानं धू, रेशमी साड्या धुतो तशा. आणि दोघातिघांनी सांगितलं की खरखर हीच तर जुन्या रेकॉर्डची मजा, काही करू नकोस.

आजोबांनी प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं घेतल्याची तारीख लिहिलीय. जुन्या तबकड्यांच्या पाकिटांवर उभ्या रेघाही आहेत, बहुतेक किती वेळा लावली त्याच्या. अशा माणसाच्या वस्तू माझ्या हातून बिघडायला नकोत. धुवायची खरंच गरज आहे का, आणि का, हे आधी समजून घ्यायचंय.

---

तेहेतीस_फेरे | शनिवार, रात्री १०.३५

ताई, बंद केलंत ते उत्तम केलंत. 'का' हे आधी विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एलपीच्या एका बाजूला एकच चर असतो, बाहेरून आत गुंडाळत गेलेला. वीस मिनिटांची बाजू असेल तर तो सरळ उलगडला असता चारशे मीटरच्या पुढे जाईल. रुंदी साधारण आपल्या केसाएवढी, बऱ्याचदा त्याहूनही कमी. गाणं आहे ते या चराच्या दोन्ही भिंतींवरच्या वळणांत. मोठे आवाज म्हणजे मोठी वळणं. पण 'स'चा सळसळाट, तानपुऱ्याची झणक, तबल्याच्या चाटेवरचा नेमका ठोका, ही वळणं एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास किंवा त्याहून बारीक. त्या मानाने धुळीचा कण म्हणजे रस्त्यात पडलेला धोंडा. सुईला धोंडा आणि वळण यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही वाचते. तुम्ही जी मोहरी ऐकलीत ती धूळच आहे, रेकॉर्ड नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सुईचा भार दीड-दोन ग्रॅम, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ती टेकते ती जागा इतकी इवलीशी असते की दर चौरस सेंटिमीटरला दाबाचा हिशेब टनांत जातो. एवढ्या दाबाखाली वाळूचा कण सापडला की तो भिंतीत रुततो किंवा भिंत खरवडतो. धूळ असताना तुम्ही ऐकत राहिलात तर आज जी खरखर धुऊन गेली असती ती उद्या कायमची होते. म्हणून खरखरीला मजा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्यांनी हे गाणं मुद्रित केलं, त्यांनी ती खरखर त्यात भरली नव्हती.

तेव्हा माझं स्पष्ट उत्तर: हो, धुवा. धुतल्याशिवाय लावूच नका. कशी, ते उद्या लिहितो, ऑफिसातून येऊन.

---

जुनं_ते_सोनं | रविवार, सकाळी ७.१५

माझं मत उलटं आहे आणि अनुभवाचं आहे. माझ्याकडच्या एलपी चाळीस वर्षांच्या आहेत. एकही धुतलेली नाही. काढताना कडेला आणि मधल्या लेबलला धरायचं, चरांना बोट लावायचं नाही, वाजली की लगेच आत, टर्नटेबलचं झाकण खाली. लावण्याआधी मऊ ब्रशचा एक फेरा, बस्स. आजही स्वच्छ वाजतात.

बिघडलेल्या रेकॉर्ड मी भरपूर पाहिल्यात आणि त्यातल्या निम्म्या तरी कुणीतरी 'साफ' केलेल्या होत्या. बनियनचं फडकं घेऊन गोल-गोल घासलेल्या, भांड्याच्या साबणानं धुतलेल्या, लेबल भिजून फुगलेल्या. एकदा जुन्या वस्तूंच्या बाजारातून चकचकीत तबकडी घेतली, घरी आल्यावर कळलं की विकणाऱ्यानं तेलाचा हात फिरवलाय. त्या तेलावर धूळ बसून चरात जे लुकण झालं ते काढायला मला दोन दिवस लागले. उत्साहाच्या भरात हात लावण्यापेक्षा न लावलेला बरा.

---

तेहेतीस_फेरे | रविवार, सकाळी ८.०५

दादा, तुम्ही जपलेल्या रेकॉर्डना धुवायची गरज नाही हे मला मान्यच आहे. पण ताईंच्या रेकॉर्ड सत्तावीस वर्षं माळ्यावर होत्या आणि सुईला गोळा आलाय. तिथे कोरडा ब्रश पुरत नाही. कोरडा ब्रश वरची सुटी धूळ उचलतो. बोटांचं तेल, स्वयंपाकघराची चिकट वाफ, उदबत्तीचा धूर यांनी जे चिकटून बसलंय ते ओलं केल्याशिवाय सुटत नाही.

---

चावीवाला | रविवार, सकाळी ११.२०

थांबा, थांबा. पोरी, काहीही लावायच्या आधी त्या दोन ट्रंका दोन वेगळ्या खोल्यांत ठेव. वर जे लिहिलंय ते एलपीचं आहे. दुसऱ्या ट्रंकेतला माल निराळा आहे आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे.

एलपी विनाइलची, म्हणजे पीव्हीसीची. ती वाकते, पडली तर बहुधा फुटत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची. तीच आपली झाडावरच्या किड्यापासून मिळणारी लाख. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी घालून, गरम करून, दाबून या तबकड्या काढत. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच. दुसऱ्या महायुद्धात लाखेची आवक आटली तेव्हा अमेरिकेत नवी रेकॉर्ड घ्यायला जुनी परत द्यावी लागे, ती वितळवून पुन्हा वापरत. किती आवाज असे भट्टीत गेले असतील याचा विचार केला की मला आजही चैन पडत नाही.

दगडाची पूड का, तर त्या काळची सुई पोलादी होती. पहिल्या काही फेऱ्यांत तबकडीनं सुईला घासून आपल्या चराच्या मापाची करावी अशी ती योजना होती. म्हणूनच एक पिन एका बाजूपुरती, मग फेकायची. पिनांची डबी यायची दोनशेची, पत्र्याची. आमच्या घरी वडील प्रत्येक बाजूला पिन बदलत. शेजारी एकच पिन आठवडाभर चालवत आणि त्यांच्या तबकड्या वर्षात पांढुरक्या पडल्या. तुझ्या आजोबांच्या पाकिटांवरच्या रेघा त्याच हिशेबाच्या असणार. जपणारा माणूस दिसतो.

आता नियम एकच, पण तो पाठ कर: लाखेच्या तबकडीला स्पिरिट, अल्कोहोल, सॅनिटायझर, सेंट, काचेचा फवारा, काहीही लावायचं नाही. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एलपीच्या बऱ्याच तयार द्रावणांत अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीवर 'रेकॉर्ड क्लीनर' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

---

सुतारपक्षी | रविवार, दुपारी १२.१०

काकांनी लिहिलंय ते मी भोगलंय, म्हणून लिहितो.

आमचा पिढीजात धंदा फर्निचरचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, सकाळी विरघळलेली असते, कापसाचा बोळा करून लाकडावर हात मारायचे, हे मी दहाव्या वर्षापासून करतोय. आणि तरीही २०२० साली, घरात बसून होतो तेव्हा, आत्याकडून आलेली एक तबकडी पुसायला मी समोरची सॅनिटायझरची बाटली उचलली. डोक्यातच आलं नाही की हीसुद्धा लाखच आहे. फडकं दोनदा फिरवलं, ते काळं झालं. मला वाटलं केवढा मळ निघतोय! तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा फडकं चिकटायला लागलं. उजेडात धरली तर दीड इंच रुंदीच्या पट्ट्यात चर उरलेच नव्हते, नुसता आरसा. वासही आमच्या कारखान्यातलाच, ओल्या पॉलिशचा. नाट्यसंगीत होतं. सुई त्या पट्ट्यावर आली की घसरत पार लेबलपर्यंत जाते. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

ओळखायची खूण: वजनाला जड, बोटाच्या नखानं कडेला हलकंच वाजवली तर मातीच्या भांड्यासारखा आवाज. विनाइलचा आवाज मऊ, बसका येतो.

---

मृद्गंध | रविवार, दुपारी ३.४०

रत्नागिरीहून लिहितेय. आमच्याकडे प्रश्न धुळीचा कमी, बुरशीचा जास्त. पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या पुस्तकांना ओल सुटते तिथे रेकॉर्डचं काय. बुरशी प्लॅस्टिकवर जगत नाही. ती जगते बोटांच्या तेलावर, धुळीवर आणि मुख्य म्हणजे कागदाच्या पाकिटावर. एलपीवर पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी समजा. लाखेच्या तबकडीवर ती जास्त हट्टी असते, बरीच वर्षं राहिली तर धुतल्यावरही खालचा भाग खडबडीत उरतो.

दोन गोष्टी सांगते. बुरशीची रेकॉर्ड घरात झटकू नका. गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, आधी ओलसर कापडानं टिपून घ्या, नाहीतर कण उडून बाकीच्यांवर बसतात. आणि स्वच्छ केलेली रेकॉर्ड त्याच पाकिटात परत घालू नका, मग धुतलीच कशाला? आजोबांच्या अक्षराची पाकिटं टाकू नका, ती वेगळी सुकवून ठेवा, रेकॉर्डला नवं पाकीट द्या. आतलं पाकीट पॉलिथिनचं असावं. मऊ पीव्हीसीचं नको, त्यातलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपून रेकॉर्डवर धुकं धरतं, आणि ते धुक्याचे डाग धुऊन जात नाहीत. माझ्या सात एलपी अशा गेल्या, बुरशीनं नव्हे, मी हौसेनं घातलेल्या जाड प्लॅस्टिकनं.

ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का? असतील तर काढून टाका. त्यांची वाफ थंड पृष्ठभागावर परत जमते.

---

कृष्णाकाठ | रविवार, सायंकाळी ६.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. सुतारपक्षी, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी परवाच सॅनिटायझरची बाटली हातात घेतली होती.

डांबरगोळ्या होत्या, काढल्या. ट्रंका वेगळ्या केल्या. नखानं वाजवूनही पाहिलं, फरक लगेच कळतो.

तीन शंका. रिठ्याचं काय? आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, ते चालेल का? आणि लाखेच्या तबकडीला पाणी तरी चालतं ना?

---

तेहेतीस_फेरे | रविवार, रात्री ९.२०

बोअरचं पाणी नको. तुमच्या बादलीवर जो पांढरा थर चढतो तो क्षारांचा, तोच चरात वाळेल आणि धूळ काढून तुम्ही चुना भराल. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या, बॅटरीत घालायचं म्हणून पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. घेताना नुसतं पाणी आहे ना हे वाचून घ्या, बॅटरीचं अ‍ॅसिडही त्याच दुकानात असतं.

रिठ्याला फेस येतो, तो पाण्याचा ताण कमी करतो, म्हणजे तत्त्व बरोबर आहे. पण ते झाडाचं फळ आहे, काढ्यात साखर, रंग, गर सगळं येतं. साडी आपण दहा वेळा पाण्यातून काढतो. केसाएवढ्या चरातून तो गर निघणार नाही आणि उरला की बुरशीला आयतं जेवण. आईंना सांगा, कल्पना चांगली होती, जागा चुकली.

नुसतं पाणी मात्र पुरत नाही, कारण विनाइलवर ते थेंब होऊन बसतं, चरात उतरतच नाही. त्याला उतरवायला काहीतरी लागतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये शुद्ध पाण्यात टर्जिटॉल नावाचं द्रव्य अगदी थोडं मिसळतात. आपल्याला फोटोच्या डार्करूममध्ये वापरतात ते वेटिंग एजंट मिळालं तर उत्तम, लिटरला काही थेंब. तेही नसेल तर रंग-वास नसलेल्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब, मग मात्र दुसऱ्या स्वच्छ पाण्यानं नीट धुवावं लागेल. एलपीसाठी काही जण दहाएक टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. मी घालत नाही. घरात लाखेच्या तबकड्या असताना ती बाटली नसलेलीच बरी.

मी असं करतो. टेबलावर जाड मऊ टॉवेल. लेबलवर बरोबर बसेल असं प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण, ते डाव्या हातानं दाबून धरायचं. द्रावण चरांवर सोडायचं आणि मिनिटभर नुसतं राहू द्यायचं, मळ फुगायला वेळ लागतो. मग अगदी मऊ केसांचा ब्रश चराच्या दिशेनं, म्हणजे गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. जोर लावायचा नाही, ब्रशचं वजन पुरतं. पाच-सहा फेरे. नंतर नुसतं डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्या ब्रशनं. मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडानं टिपून घ्यायचं आणि ताटाळ्यात उभी करून सुकवायची. पंख्याखाली नको, उन्हात तर मुळीच नको. विनाइल साठेक अंशाला मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीत एवढी उष्णता सहज होते. पहिल्यांदा तुम्हाला सगळ्यात नको असलेली रेकॉर्ड घ्या आणि तिच्यावर हात बसवा. काहीजण लाकडाचा पांढरा डिंक ओतून, वाळल्यावर साल काढतात. निघालं तर छान निघतं, पण तुकडा चरात राहिला तर तो काढणं जिवावर येतं. पहिल्या रेकॉर्डला तरी हा प्रयोग करू नका.

ब्रशनं झाल्यावर सुईलाही साफ करा, मागून पुढे, कधीच उलट नाही.

---

चावीवाला | रविवार, रात्री १०.०५

लाखेला पाणी चालतं, पण मुक्काम चालत नाही. तेच द्रावण, अल्कोहोलशिवाय. बुडवून ठेवायची नाही. एक बाजू ओली करायची, ब्रश फिरवायचा, स्वच्छ पाणी, लगेच टिपायची, मग दुसरी बाजू. पाणी गार असू दे. काही कंपन्यांच्या तबकड्यांत आत कागदाचा थर असतो. कडेला चीर किंवा टवका असेल तर पाणी आत शिरून तबकडी फुगते. तडा गेलेली एकही धुवायची नाही, तिला कोरडा ब्रश.

आणि एक वेगळ्याच जातीची तबकडी सापडली तर सांग. काळीच दिसते पण मधल्या भोकाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम चमकतं. ही रेडिओ केंद्रांवर वा स्टुडिओत एकेकटी कापलेली असते, दुसरी प्रत नसते. तिच्यावरचा पांढरा थर बुरशीसारखा दिसतो पण तो तिच्या अंगातूनच आलेला असतो. तिला हात लावू नकोस, थेट जाणत्याकडे ने. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० सालापासून आहे, तिथल्या मंडळींनी असा खजिना पाहिलेला आहे.

शेवटचं, आणि हे कुणी सांगत नाही. एलपीची सुई ७८च्या तबकडीला लावू नकोस. एलपीच्या सुईचं टोक अठराएक मायक्रॉनचं, ७८ला सत्तरीच्या घरातलं लागतं. बारीक सुई रुंद चराच्या तळाशी जाऊन लोळते, आणि सगळा कचरा तळाशीच असतो. लोक म्हणतात रेकॉर्ड घाण आहे, धूत बसतात, धुऊन धुऊन दमतात. दोष सुईचा असतो.

---

हडसनपार | सोमवार, सकाळी ६.३०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे हिवाळ्यात घरातली हीटिंग चालू झाली की हवा इतकी कोरडी होते की पाकिटातून रेकॉर्ड काढताना चटचट ठिणग्या ऐकू येतात. विनाइल विजेचा भार धरून ठेवतं आणि खोलीतली सगळी धूळ ओढून घेतं. कोरडं फडकं फिरवलं की भार आणखी वाढतो. म्हणून जुनं_ते_सोनं यांना सांगावंसं वाटतं की कोरडा ब्रश घ्यायचा तर कार्बन फायबरचा घ्या, तो भार वाहून नेतो. ओलं धुतल्यावर निदान काही दिवस हा त्रास जातो. नागपूर-अकोल्याच्या मंडळींना कोरड्या दिवसांत हा अनुभव येत असेल.

इथे अल्ट्रासॉनिक यंत्रं मिळतात. पाण्यात अगदी बारीक बुडबुडे फुटतात, ते ब्रश न पोहोचणाऱ्या जागी जातात. फरक ऐकू येतो. पण माझ्या मते तो ब्रशनं नीट धुतलेल्या रेकॉर्डच्या मानानं थोडा असतो. यंत्राच्या किमतीत शंभर रेकॉर्ड येतील.

---

मांडवीतीर | सोमवार, दुपारी १.५०

धागा वाचताना गायिका केसरबाई केरकरांची आठवण झाली. आमच्या गोव्यातल्या केरी गावच्या. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे. तेव्हा ती रेकॉर्ड बाजारात मिळतच नव्हती. शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला.

कुणीतरी ते खोकं जपलं म्हणून ती भैरवी गेली. कृष्णाकाठ, तुमच्या ट्रंकांत ज्या नावं न वाचता येणाऱ्या तबकड्या आहेत ना, त्या आधी धुवा. लेबल पुसलं गेलं असेल तर लेबल आणि चर यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत कोरलेले आकडे पाहा, मळ निघाला की ते वाचता येतात. त्यावरून गायक शोधता येतो. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत तर गाणं संपताना गायक-गायिका स्वतःचं नाव सांगत, गौहर जाननं १९०२ साली कलकत्त्यात सांगितलं तसं.

---

जुनं_ते_सोनं | सोमवार, रात्री ८.४५

मांडवीतीर, आकड्यांचं लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडे अशा चार पडून आहेत. कार्बन ब्रशही मागवला. बाकी माझं मत तेच आहे, ज्याला गरज नाही त्याला पाणी लावू नये. पण मृद्गंध यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटांचं लिहिलं ते वाचून रात्री कपाट उघडलं. तीन एलपींवर धुकं धरलंय. चाळीस वर्षं जपलेल्या. बाकीच्या सगळ्या आज दुपारी त्या पाकिटांतून बाहेर काढल्या.

---

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ५.३०

काय झालं ते सांगायला आले. उशीर झाला, पण घाई करू नका असं सगळ्यांनीच बजावलं होतं.

त्रेचाळीसपैकी एकतीस एलपी धुऊन झाल्या. माणिक वर्मांची दहावी घेतली, आधीच्या नऊंवर हात बसवून. ब्रश फिरवताना द्रावण चहासारखं होत गेलं. सुकल्यावर लावली. तडतड जवळजवळ गेली, दोन-तीन ठिकाणी टिक्-टिक् राहिलीय, तिथे ओरखडा दिसतो. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. गाणं सुरू होण्याआधी तानपुरा आहे, चांगले सात-आठ सेकंद. पहिल्या दिवशी तो ऐकूच आला नव्हता. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, हा आवाज मला सकाळचा ओळखीचा आहे.

चार एलपींत काही फरक पडला नाही. उजेडात तिरप्या धरून पाहिल्या, चर करडे दिसतात. तेहेतीस_फेरे, हे झिजणं आहे ना?

७८च्या तबकड्या अठरा केल्या. दोनांना तडे होते, त्या बाजूला ठेवल्या. ७८च्या तबकड्यांसाठी वेगळी सुई मागवली, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

यातली एक मला नीट कळत नाहीये. अब्दुल करीम खाँची झिंझोटी रागातली ठुमरी. बाकीच्या पाकिटांवर आठ-दहा रेघा आहेत, हिच्यावर मी त्र्याहत्तर मोजल्या. धुताना सगळ्यात जास्त मळ हिचाच निघाला, तबकडी काळीभोर झाली, फक्त मध्ये साधारण बोटभर रुंदीचा पट्टा पांढुरका राहिला. मी पुन्हा धुतला. तसाच. भिंग लावलं तर त्या पट्ट्याच्या सुरुवातीला बारीक टोचे आहेत, सगळे जवळजवळ एकाच जागी, सुई पुन्हा पुन्हा तिथेच टेकवल्यासारखे. ऐकताना तिथे आवाज मागे जातो आणि फक्त सूं असा येतो, मग पुढे परत स्वच्छ. तिथे ते नेमकं काय गातात तेच मला ऐकायचंय. आणखी एकदा धुऊ का?

---

तेहेतीस_फेरे | रविवार, रात्री ८.००

हो ताई, करडे चर म्हणजे झीज. त्या चार एलपी आता जशा आहेत तशाच. ठुमरीचं काकांना विचारा, पण धुऊ नका. मळ निघून गेलाय, आता जे दिसतंय ते मळ नाही.

---

चावीवाला | रविवार, रात्री ९.१०

नको धुऊस. तुझ्या आजोबांनी तेवढीच जागा परत परत ऐकलीय. पिन उचलायची, दोन बोटं मागे न्यायची, पुन्हा टेकवायची. मीही हे केलेलं आहे, तिथे ते जो निषाद लावतात त्यासाठी.

पण अजून आशा आहे. पोलादी पिन भिंतीच्या एका उंचीवर घासते, सगळी भिंत खात नाही. तुझी तीन मिलची सुई बहुतेक त्याच झिजलेल्या पट्टीवर टेकतेय. अडीचची लावली तर ती थोडी खाली बसेल, साडेतीनची थोडी वर, आणि तिथे भिंत कोरी असू शकते. माझ्याकडे दोनपासून चारपर्यंतच्या आहेत. ती तबकडी घेऊन दादरला ये, एका दुपारी सगळ्या लावून पाहू. सापडलं तर त्याच वेळी मुद्रित करून ठेवू.

पाकीटही आण, मला त्या रेघा पाहायच्यात. आणि गाडीत तबकडी उभी ठेव, मांडीवर आडवी नको, वर काही ठेवू नकोस.